चित्राखालचे नाव

भाऊंची आणि माझी ओळख प्रौढ साक्षरता वर्गात झाली. हा वर्ग वाचनालयाच्या माडीवर दुपारच्या वेळी भरतो. त्या वेळी मी बाराखडी संपवून जोडाक्षरांपर्यंत पोहोचले होते आणि खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर बसत होते. वर्गात वयाने सर्वांत मोठी मीच असल्यामुळे सगळे मला मावशी म्हणत. भाऊ वर्षाच्या मध्येच दाखल झाले. त्यांचा सदरा स्वच्छ धुतलेला होता, परंतु उजव्या बाहीवर इस्त्रीच्या दोन घड्या पडलेल्या होत्या. माझा जन्म लाँड्रीत इस्त्री करण्यात गेला आहे, त्यामुळे माणसाच्या चेहऱ्याआधी मला त्याची बाही दिसते. त्यांच्यामागे त्यांची धाकटी बहीण उभी होती आणि ती आमच्या बाईंना हळू आवाजात काही सांगत होती.

बाईंनी भाऊंना फळ्याजवळ बोलावले आणि एक वाक्य सांगितले. भाऊंनी खडू उचलला व ते छापल्यासारख्या अक्षरात लिहून काढले. ओळ सरळ, वेलांट्या डौलदार. आम्ही सारे आ वासून पाहत राहिलो.

मागच्या बाकावरचा नळवाला म्हणाला, "बाई, ह्यांना इथं कशाला आणलंय? ह्यांना तुमच्या खुर्चीवर बसवा आणि तुम्ही घरी जाऊन जरा आडव्या व्हा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावरच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "हा कोणता?"

भाऊ त्या शब्दाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सगळं वाक्य आठवणीनं म्हणून दाखवीन, बाई. पण ते वाचणं नव्हे. हा शब्द कोणता, ते मला नाही सांगता यायचं."

"आत्ता तुम्हीच लिहिलात ना?"

"लिहिला मीच. दिसतोही चांगला. कळत नाही."

"म्हणजे टाकी भरलेली, पण नळाला पाणी नाही!" नळवाल्याने निदान केले. वर्ग खो खो हसला.

"अगदी बरोबर," भाऊ म्हणाले. "वॉशर गेलाय बहुतेक. येता का एकदा बघायला?"

त्यानंतर वर्गात त्यांना कोणी हसले नाही. ते माझ्या बाकावर बसू लागले.

पुढे हळूहळू मला त्यांची हकिकत समजली, ती येथे क्रमाने सांगते. भाऊंनी सारी हयात चष्म्याच्या दुकानात काढली. भिंगे घासून ती चौकटीत बसवणे, हे त्यांचे काम. त्यांनी लग्न केले नाही. निवृत्तीनंतर एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्र उघडले, तेव्हा ते परभाषेत छापलेले आहे असे त्यांना वाटले. त्यांनी खाली उतरून पेपरवाल्याला फैलावर घेतले. "हे कुठल्या मुलखातलं टाकून गेलास?" पेपरवाला त्यांच्या तोंडाकडे पाहू लागला, तेव्हा त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. तो तक्ता भाऊंच्या दुकानातही वर्षानुवर्षे टांगलेला होता. तोंडाने तो आपोआप, वरपासून खालपर्यंत, घडाघडा म्हणून टाकला. या वयात इतकी नजर म्हणजे कमाल आहे, असे म्हणून डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली आणि घरी पाठवले. खरा प्रकार उघडकीस यायला त्यानंतर बराच काळ गेला. मेंदूतील एक बारीक रक्तवाहिनी बंद झाली होती आणि अक्षरे ओळखण्याची जागा तेवढी निकामी झाली होती. डोळे शाबूत, हात शाबूत, बोलणे शाबूत. चित्रे ते पूर्वीसारखीच पाहू शकत होते.

भाऊ वर्गात आले ते नव्याने शिकता येईल या आशेने. तसे झाले नाही. मी जे अक्षर एकदा गिरवले, ते माझे होऊन जाई. भाऊंना तेच अक्षर दुसऱ्या दिवशी पुन्हा परके होई. अक्षरे म्हणजे नुसत्या रेघा वाटणे कसे असते, हे मला चांगले ठाऊक होते, कारण मी बहुतेक आयुष्य तसेच काढले. बसची पाटी विचारायला मी कितीदा तरी चष्मा घरी विसरल्याचे सोंग केले आहे. परंतु माझ्याजवळ काही नव्हते, त्यामुळे माझे काही गेलेही नव्हते. भाऊंचे काय गेले, हे त्यांच्या खोलीत गेल्यावर मला कळले.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांना आतून तपकिरी कागद चिकटवलेला होता. भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पुठ्ठ्याची खोकी आणि खोक्यांच्या मधोमध एक खाट, अशी ती जागा होती. खालचा सायकलवाला त्यांना रद्दीराजे म्हणत असे. भाऊंनाही ते नाव मान्य होते.

"हे सगळं काय आहे, भाऊ?" मी विचारले.

"फॅनझीन."

"म्हणजे?"

"चाहत्यांनी काढलेले अंक. मावशी, चित्रकथा पाहिल्यात ना तुम्ही? राक्षस, उडत्या नौका, ढगावरचे किल्ले, पंखांचे मासे?"

"पाहिल्यात. माझ्या मुलाच्या उशाखाली असायच्या. मी चित्रं पाहून गोष्ट ठरवायची आणि तो म्हणायचा, आई, तसं नाहीये ते."

"तर ती चित्रं काढणाऱ्यांचं नाव कुठंच छापत नसत. प्रकाशकाचं नाव, छापखान्याचं नाव, किंमत सगळं छापायचे. ज्यानं बोटं मोडेपर्यंत राक्षस काढले, त्याचं नाव नाही. मग आमच्यासारखी वेडी माणसं ती नावं शोधायची आणि घरच्या घरी असे अंक काढायची. एकानं टाइप करायचं, एकानं सायक्लोस्टाइल करायचं, एकाच्या बायकोनं टाके घालायचे आणि कटकट करायची."

त्यांनी मला एक अंक दाखवला. कागद पिवळा पडलेला, शाई जांभळी. ती शाई उन्हाने उडून जाते, म्हणून खिडक्यांना कागद. जुन्या पिना गंजून पानाला भोक पाडतात, म्हणून भाऊ चष्म्याच्या चिमट्याने एकेक पीन काढीत आणि त्या जागी पांढऱ्या दोऱ्याने दोन टाके घालीत. भिंगवाल्याचा हात तो. टाका शोधून सापडत नसे. अनेक पाने चुरगळलेली पाहून मी म्हटले की मी घरून इस्त्री आणते. भाऊ खाटेवरून ताडकन उठले. "मावशी, तुमच्या पाया पडतो, इस्त्री नको!" गरम लागले की ती शाई पसरते, असे त्यांनी मला नंतर शांतपणे समजावून सांगितले. एवढ्या वर्षांत माझ्या इस्त्रीला कोणी असे भ्यालेले मी पाहिले नव्हते.

त्यांनी खोकी नावांप्रमाणे लावलेली नव्हती. ती चित्रकारांच्या हाताप्रमाणे लावलेली होती. अमुक फळीवर ज्याला घोडे चांगले जमत तो, त्याखाली ज्याच्या माणसांचे कान नेहमी केसांत लपलेले असत तो. त्या कानांवरून दोन चाहते अंकांच्या पत्रव्यवहारात वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर आले होते. एकाचे म्हणणे, दोन चित्रकार आहेत. दुसऱ्याचे म्हणणे, एकच आहे, पण त्याने मध्यंतरी चष्मा बदलला. भाऊंनी या दुसऱ्या माणसाला दुकानाच्या पत्त्यावरून पाठिंबा कळवला होता. खिडकीजवळच्या फळीवर त्यांचा सर्वांत आवडता चित्रकार होता. तो धूर असा काढी की त्याला घड्या असत, जाड कापडासारख्या. चाहते त्याला धूरवाला म्हणत. त्याचे खरे नाव कोठेही छापून आलेले नव्हते.

"मग कुणालाच माहीत नाही?"

"फिरत्या अंकांत आहे."

फिरता अंक म्हणजे काय, हे नीट सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. ज्या चाहत्यांना पुष्कळ प्रती काढणे जमत नसे, ते एकच प्रत तयार करून टपालाने एकाकडे पाठवीत. त्याने ती वाचून दुसऱ्याकडे पाठवायची, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. अंकात जुनी निनावी चित्रे चिकटवलेली असत आणि ज्याला चित्रकाराचा हात ओळखता येईल त्याने चित्राखाली पेन्सिलीने त्याचे नाव लिहायचे, अशी रीत होती. पेन्सिलीने यासाठी, की पुढच्या वाचकाला चूक वाटली तर दुरुस्त करता यावी. काही वाचक छापखान्यांत काम करणारे होते, एखादा स्वतः चित्रकाराचा भाचा होता. म्हणून ती नावे खरी होती, आणि दुसऱ्या कोणत्याही कागदावर नव्हती. भाऊंनी असे अंक कोठून कोठून मिळवले होते. आता ते अंक हातात घेऊनही त्यांवरची नावे त्यांना वाचता येत नव्हती. धूरवाल्याचे एक पान माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "मावशी, खाली नाव आहे का, तेवढं बघा," पण ते हाताचे अक्षर मला लागले नाही.

"पाठ नाही केलीत?" मी विचारले.

"कागदावर होती ना, मावशी. कागदावर आहे म्हटल्यावर माणूस कशाला पाठ करतो?"

याच सुमारास घाई करण्याची वेळ आली. भाऊंनी एकट्याने राहू नये असे डॉक्टरांनी बजावले होते आणि बहीण त्यांना आपल्या घरी नेणार होती. तिचे घर लहान. भाऊंची खाट मावेल, खोकी मावणार नाहीत. भाऊंनी खोल्या सोडण्याआधी वाचनालयाने संग्रह ताब्यात घ्यावा, याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. नाहीतर सारे खरोखरच रद्दीत जाणार होते. वाचनालयाचे ग्रंथपाल पाहायला आले. तरुण, अत्यंत अदबशीर गृहस्थ. धुळीमुळे नाकावर रुमाल धरून त्यांनी एकेक फळी पाहिली आणि म्हणाले, "असं दुसरीकडे कुठंच नाही, काका. आम्ही सगळं घेऊ. फक्त पोरांनी खरडलेले अंक वाचनालयाच्या समितीपुढे अडकतील. तेवढे आधी बाजूला काढा."

ते गेल्यावर भाऊंनी मला कामाला लावले. ज्या ज्या अंकावर पेन्सिलीची खूण दिसेल, तो खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायचा. त्यांचा विचार असा होता की पोरांनी मारलेल्या रेघोट्या कोणत्या आणि नावे कोणती, हे कोणाकडून तरी वाचून घ्यावे, आणि नावांचे अंक ग्रंथपालांना समजावून द्यावेत. हे काम माझ्याकडून होण्यासारखे नव्हते. मला तोपर्यंत फक्त छापील अक्षरे वाचता येत होती. चाहत्यांचे घाईचे, एकात एक गुंतलेले अक्षर मला कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसे. बहिणीला आणखी त्रास नको, असे भाऊ म्हणाले, आणि आमच्या बाई तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी गावाला गेल्या होत्या. परत आल्यावर येऊन वाचते, असे त्यांनी कबूल केले होते. तोवर तो ढीग टेबलावर राहू द्यावा, असे ठरले.

मग भाऊंना तपासणीसाठी रुग्णालयात नेले आणि डॉक्टरांनी त्यांना तिथेच ठेवून घेतले. ते परतले त्या दुपारी मी खोलीवर गेले होते. टेबल रिकामे होते. भाऊंनी मला विचारले, मी त्यांना विचारले. आम्ही खाटेखाली पाहिले, खोक्यांमागे पाहिले. तेवढ्यात जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला आणि त्यांची बहीण दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन दारात उभी राहिली.

"दादा, डोळे मीट."

"चिमे, टेबलावरचे अंक..."

"मीट म्हणते ना! लहानपणी तू मला हेच करायला लावायचास." तिने पिशव्यांतले अंक खाटेवर व्यवस्थित लावले. "हं. आता बघ. एक रेघ सापडली तर नाव बदलीन. अख्खं खोडरबर संपलं, मग दुसरं आणलं, तेही संपलं. माझी बोटं सुजली, ह्यांची सुजली. हे म्हणाले, तुझ्या दादापायी आता मला पंजा पसरता येत नाही. खरडलेले अंक अडकतील, असं तूच म्हणाला होतास ना? आता घेऊ दे म्हणावं तुझ्या वाचनालयाला. नाक मुरडायला जागाच ठेवली नाही."

भाऊंचा चेहरा मी पाहत होते. त्यात अजून काही बदल नव्हता. त्यांनी विचारले, "सगळ्या रेघोट्या पुसल्यास?"

"सगळ्या. पोरांचे कावळे चिमण्या, ते गोल गोल भोवरे, आणि ती नावं."

"कोणती नावं?"

"अरे, जुन्या पुस्तकांवर नसतात का, आधीच्या मालकांची? पण लोक तरी कसले, दादा! प्रत्येक पानावर नाव! चोरीला जाईल म्हणून इतकं का भ्यायचं माणसानं?" ती हसली. आम्ही दोघे हसलो नाही, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

भाऊंनी ढिगातून एक अंक काढला. पाहिल्याबरोबर तो त्यांनी ओळखला, कारण मुखपृष्ठावर किल्ला होता आणि किल्ल्यावरून घड्याघड्यांचा धूर वर चढत होता. त्यांनी मधले पान उघडले आणि अंक माझ्यापुढे धरला. मी वाकून चित्राखाली पाहिले. गडद कापडावर इस्त्री जास्त वेळ राहिली की जशी चकाकी येते, तशी चकाकी त्या जागी कागदावर आली होती. बाकी काही नव्हते.

"काही नाही, भाऊ," मी म्हटले.

त्यांनी दुसरा अंक उघडला. मी पुन्हा तेच सांगितले. तिसरा अंक मी त्यांच्या हातातून घेऊन मिटला.

"काय झालं? अहो मावशी, बोला ना कुणीतरी!" बहीण म्हणाली.

मी तिला फिरत्या अंकांची रीत सांगितली. ती ऐकता ऐकता जवळच्या खोक्यावर बसली. तिच्या हातात अजून रिकामी पिशवी होती आणि ती तिची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

"मग सांगायचं होतंस की दादा! एका शब्दानं सांगायचं! मी काय परकी होते?"

"काय सांगणार, चिमे? कोणत्या अंकावर रेघोट्या आहेत आणि कोणत्यावर नावं, हे मलाच कळत नव्हतं. म्हणून तर बाजूला काढले होते."

"अरे, मी वाचली होती ती. एकेक नाव वाचलं आणि मग पुसलं."

भाऊंनी मान वर केली. इतका वेळ शांत असलेला तो माणूस एकदम पुढे सरकला. "वाचलीस? मग एखादं तरी आठवतं का? आठव. सावकाश आठव."

तिने डोळे मिटले. आम्ही दोघे तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत बसलो. खाली सायकलवाला एक चाक गरगर फिरवत होता, तेवढाच आवाज होता.

"एक आठवतंय," ती म्हणाली आणि तिने एक नाव सांगितले. भाऊंनी ते तत्काळ एका कागदावर लिहिले. मग त्यांनी विचारले, "कोणत्या चित्राखाली होतं?"

"ते नाही रे आठवत." आणि ती धाय मोकलून रडू लागली.

भाऊंनी तिला रागाचा एक शब्दही ऐकवला नाही. त्यांनी अंक एकेक उघडून पाहिला, पानांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पान कुठं फाटलेलं नाही. हलक्या हातानं पुसलंस." हे ऐकून ती आणखीच रडली. मला वाटते, त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला ते सोसले असते.

आम्ही हातपाय गाळून बसलो नाही, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. बाई गावाहून आल्यावर त्यांनी पाने खिडकीशी तिरपी धरून पाहिली. भिंगातून पाहिले. क्वचित एखादी मात्रा, एखादा काना उमटलेला दिसे. शब्द लागत नव्हता. जुने चाहते शोधण्यासाठी अंकांवरच्या पत्त्यांवर पत्रे पाठवली. ती लिहिली भाऊंनी आणि वाचून तपासली मी. बहुतेक पत्रे परत आली. एका ठिकाणाहून चाहत्याच्या सुनेचे उत्तर आले, की सासरे गेले आणि त्यांचे कागदही त्यांच्यामागोमाग गेले.

मग भाऊंनी ठरवले की आपल्याला आठवतील ती नावे आपणच पुन्हा लिहायची. हात तर लिहू शकत होता. ते चित्र पाहत, बराच वेळ डोळे बारीक करून बसत आणि पेन्सिलीने खाली नाव लिहीत. दिवसाकाठी दोनचार चित्रे होत. त्यांच्या तोंडावर पुन्हा तजेला आला. बहीण डब्यातून त्यांच्यासाठी गरम जेवण आणी आणि दाराबाहेर थांबून "किती झाली?" असे विचारी. आत येण्याचे तिला धाडस होत नसे.

मी या अवधीत हाताचे अक्षर वाचायला शिकत होते, आणि भाऊंचे अक्षर छापल्यासारखे असल्यामुळे मला ते लवकर जमले. मी सुरुवातीपासून एकेक नाव वाचून पाहू लागले. एका अंकात धुराच्या चित्राखाली एक नाव होते. दुसऱ्या अंकात तेच चित्र पुन्हा चिकटवलेले होते आणि त्याखाली निराळेच नाव होते. मी पुढे पाहिले. घोडेवाल्याच्या बाबतीतही तसेच. हात ओळखण्यात भाऊ चुकत नव्हते. हाताशी नाव जुळवण्यात चुकत होते, आणि आदल्या दिवशी काय लिहिले ते त्यांना वाचता येत नसल्यामुळे चूक त्यांना कधीही सापडली नसती.

हे त्यांना सांगावे की सांगू नये, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. शेवटी मी सांगितले. ते म्हणाले, "दोन्ही वाचा बरं." मी दोन्ही वाचली. त्यांनी मला तिसऱ्यांदा वाचायला लावले. नंतर त्यांनी टेबलाचा खण उघडला, खोडरबर बाहेर काढले आणि स्वतः लिहिलेले पहिले नाव पुसले.

"भाऊ, थांबा. निदान एक तरी बरोबर असेल."

"कोणतं?"

मी दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवली.

"आयुष्यभर त्यांना निनावी ठेवलं म्हणून मी छापणाऱ्यांना शिव्या घातल्या," भाऊ म्हणाले. "आता मीच एकाचं चित्र दुसऱ्याच्या नावावर चढवू? नको. कोरं राहू द्या." ते पुसत राहिले आणि मी त्यांना पुढचे पान उघडून देत राहिले. त्यांना ते नाव आहे की डाग, हे कळत नव्हते, म्हणून कोठे पुसायचे ते मीच बोट ठेवून दाखवत होते. बहिणीने स्वतःच्या आठवणीने सांगितलेले ते एकमेव नाव लिहिलेला कागद मात्र त्यांनी फाडला नाही. तो कागद त्यांच्या पाकिटात असे. ते नाव कोणत्याही चित्राखाली लावता येण्यासारखे नव्हते.

वाचनालयाने संग्रह घेतला. खोकी उतरवताना सायकलवाल्याने दुकान बंद ठेवले आणि स्वतः खांदा दिला. "रद्दीराजे, राज्य चाललं तुमचं," असे तो म्हणाला खरा, परंतु शेवटचे खोके त्याने दुसऱ्या कोणाला उचलू दिले नाही. ग्रंथपालांनी प्रत्येक चित्रकारासाठी एक कार्ड तयार केले. फिरत्या अंकांच्या कार्डांवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: चित्रकार अज्ञात. त्यातले 'ज्ञ' हे जोडाक्षर बाईंनी मला नुकतेच शिकवले होते. ते मी अडखळल्याशिवाय वाचू शकले आणि त्याचा मला काहीही आनंद झाला नाही. बोलता बोलता ग्रंथपाल म्हणाले की पेन्सिलीची नावे असती तर फार उपयोग झाला असता, मागे आपण बाजूला काढायला सांगितले ते फक्त पोरांनी खरडलेले अंक. ते निष्पाप मनाने बोलले. भाऊंची बहीण शेजारीच उभी होती. तिने "हो का," एवढेच म्हटले आणि पदराने कार्डांच्या खणावरची नसलेली धूळ पुसली.

आता भाऊ बहिणीकडे राहतात. वर्गात येणे त्यांनी सोडले, परंतु आठवड्यातून एकदा वाचनालयात येतात आणि मी त्यांच्यासाठी जिन्याजवळ थांबते. मागणीची चिठ्ठी ते स्वतः लिहितात. अंकाचे शीर्षक त्यांच्या हाताला अजून ठाऊक आहे. शिपाई आतून अंक आणून देतो. बहुतेक वेळा तो धूरवाल्याचाच असतो. भाऊ खिशातून दुकानातले जुने भिंग काढतात, किल्ल्यावरून धूर कसा चढतो ते खालपासून वरपर्यंत पाहतात, त्याच्या घड्या बोटाने हवेत काढतात. त्या पानावरचे शेवटचे नाव मीच बोट ठेवून त्यांच्याकडून पुसून घेतले होते, हे त्यांना माहीत आहे. मलाही माहीत आहे. तरीही गेल्या खेपेला त्यांनी अंक माझ्याकडे सरकवला, भिंग माझ्या हातात दिले आणि मी त्यांच्या खोलीवर प्रथम गेले होते त्या दिवशी ते जे म्हणाले होते, तेच पुन्हा म्हणाले: "मावशी, खाली नाव आहे का, तेवढं बघा."